वहीत कुणाचं नाव?

(नाताळानंतर येलदरी येथे झालेल्या सभेत केलेलं भाषण)



मला वर्षभराच्या कामाचा अहवाल द्यायला सांगितलं होतं. अहवाल छापून तुमच्या हातात दिला आहे, तो मी पुन्हा वाचून दाखवत नाही. त्यात शेवटच्या पानावर खर्चाच्या तक्त्यात एक ओळ आहे, "एका विद्यार्थिनीस दिल्ली येथे प्रशिक्षणासाठी साहाय्य". या एका ओळीवरून आपल्या समितीच्या दोन बैठका झाल्या. मंडळीतही बोलणं झालं, ते माझ्या कानावर आलं. म्हणून आज मी त्या एकाच ओळीबद्दल बोलणार आहे.

ही मुलगी आंध समाजाची. पूर्णेच्या पलीकडची, हिंगोलीच्या बाजूला डोंगरातल्या एका वाडीवरची. तिचं नाव मी घेत नाही, तिनंच तशी विनंती केली आहे. आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. लहानपणी तीही पाचटाच्या कोपीत राहिली. सहावीला आपल्या वसतिगृहात आली आणि बारावीपर्यंत राहिली. पुढं बी.ए. झाली आणि मग एम.एस.डब्ल्यू.ला प्रवेश घेतला. एम.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. त्यात आठवड्यातले काही दिवस वर्गात आणि काही दिवस वस्तीवर, दवाखान्यात, शाळेत काम करावं लागतं. त्याला क्षेत्रकार्य म्हणतात.

इथं एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या देशात समाजकार्याचं असं शिक्षण देणारी पहिली संस्था 1936 मध्ये मुंबईत नागपाड्याला सुरू झाली. पैसा टाटांच्या ट्रस्टचा होता, आणि ती उभी करणारे पहिले संचालक होते क्लिफर्ड मॅनशार्ट. ते अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी होते. नगरच्या, वडाळ्याच्या जुन्या मंडळ्यांशी ज्या मिशनचं नाव जोडलेलं आहे, तेच हे मिशन. आज त्या संस्थेला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणतात आणि तुळजापूरलाही तिची शाखा आहे. तेव्हा "हे एम.एस.डब्ल्यू. वगैरे आपल्या मिशनच्या कामात कुठून आलं" असं कुणी विचारलं, तर ते आपल्याच अंगणातून निघालेलं आहे.

तर ही मुलगी शेवटच्या वर्षाला असताना तिनं एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या दिल्लीतल्या कार्यालयात इंटर्नशिपसाठी अर्ज केला. ही संस्था स्त्री-पुरुष समानतेचं काम करते. तीन महिने तिथं राहून काम शिकायचं. निवड झाली. तिनं मला फोन केला तेव्हा आनंदापेक्षा काळजीच जास्त ऐकू येत होती. मिळणारं विद्यावेतन जेमतेम जेवणाखाणाला पुरणार होतं. खोलीचं भाडं, प्रवास, थंडीचे कपडे यांचं काय? आईवडिलांनी उचल आधीच घेतलेली होती आणि ती आजोबांच्या दवाखान्यात संपलेली होती.

अशा जागांबद्दल एक साधी गोष्ट लक्षात घ्या. ज्याच्या घरी पैसा आहे, त्याच्याच मुलांना त्या परवडतात. 2015 मध्ये न्यूझीलंडचा एक तरुण जिनीव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात बिनपगारी इंटर्न म्हणून आला. राहायला जागा परवडेना, म्हणून तो तळ्याकाठी तंबू ठोकून राहिला. ती बातमी जगभर गाजली. त्यानंतर काही संस्थांनी विद्यावेतन द्यायला सुरुवात केली. न्यूझीलंडच्या गोऱ्या मुलाची ही गत, तर डोंगरातल्या वाडीवरच्या मुलीनं दिल्लीत तंबू कुठं ठोकायचा? म्हणून तो खर्च आपण केला. वसतिगृहाची फी आणि येण्याजाण्याचं भाडं, एवढाच.

समितीत तीन हरकती निघाल्या. हरकत घेणारे आपलेच लोक आहेत, प्रेमानं बोलले, म्हणून मी त्या उघडपणे मांडते. पहिली हरकत, मुलगी ख्रिस्ती नाही. दुसरी, समानता ही बाहेरून आलेली गोष्ट आहे, तिच्यामुळं घरं मोडतात. तिसरी, दिल्लीला गेलेली मुलगी वाडीवर परत येणार नाही, मग आपल्या आदिवासी कामाला तिचा काय उपयोग?

तेव्हा मी पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं, आजही देते. 1886 च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या. वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हतं. आल्या होत्या समारंभाला, पण राहिल्या अडीच वर्षांहून अधिक. त्या काळात त्यांनी बालवाडीची फ्रोबेलची पद्धत शिकून घेतली. तिथल्या बायका संस्था कशा चालवतात, पैसा कसा गोळा करतात, सभा कशा घेतात, हे जवळून पाहिलं. दारूबंदीचं काम करणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांच्या मोठ्या संघटनेच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांचा परिचय झाला. त्या वेळी इंटर्नशिप हा शब्द आपल्याकडे नव्हता, पण मी तर याला इंटर्नशिपच म्हणते. परत आल्यावर 1889 मध्ये त्यांनी हे सगळं मराठीत लिहून काढलं, आपल्या लोकांना कळावं म्हणून.

आणि पैसा कुठून आला? 1887 च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावी रमाबाई सर्कल निघाली. सभासदानं वर्षाला निदान एक डॉलर, असं दहा वर्षं द्यायचं. त्या डॉलरांतून 1889 च्या 11 मार्चला मुंबईत शारदा सदन उघडलं. ते कुणासाठी? उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी. त्यांच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही, हा सदनाचा नियम होता. पुढं त्यावरून पुण्यात किती वादळ झालं ते तुम्ही वाचलं असेल, तो मोठा विषय आहे, आज त्यात शिरत नाही. मला एवढंच म्हणायचं होतं की देणारी माणसं ख्रिस्ती होती, घेणाऱ्या मुली नव्हत्या, आणि म्हणून कुणी डॉलर परत मागितला नाही. पहिल्या हरकतीचं उत्तर त्यात मिळालं. समितीनं मंजुरी दिली. एका मतानं, पण दिली.

आता ती तिथं जाऊन काय शिकली, ते सांगते. आपल्याला वाटतं की दिल्लीच्या त्या काचेच्या इमारतीत मोठमोठ्या चर्चा होत असतील. होतही असतील. तिच्या वाट्याला पहिले पंधरा दिवस कागद लावणं आलं. लोक इंग्रजी भराभर बोलतात, कॅन्टीनमध्ये कुणाशेजारी बसावं कळत नाही, अशी तिची पत्रं, म्हणजे व्हॉट्सअॅपवरचे लांबलांब निरोप, मला रात्री अकराला येत. एकदा लिहिलं, "ताई, मी परत येऊ का?" मी लिहिलं, "रविवारपर्यंत थांब." रविवारी तिनं तो विषय काढला नाही, मीही काढला नाही.

मग तिच्याकडे एक काम आलं. महाराष्ट्रातल्या ऊसतोड बायकांच्या मुलाखती कुणीतरी मराठीत ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या ऐकून इंग्रजीत उतरवायच्या. पहिल्याच मुलाखतीत बाई म्हणाली, "आमचा एक कोयता हाय." ही मुलगी अडली. कोयता म्हणजे काय लिहायचं? ऊस तोडायचं हत्यार? बाई हत्याराबद्दल बोलत नव्हती.

तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. तोडणं, मोळ्या बांधणं, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवणं, हे दोघं करतात, आणि पहाटे चूल व रात्री भांडी बाई एकटी करते. पण वहीत नाव नवऱ्याचं, अंगठा नवऱ्याचा, उचल नवऱ्याच्या हातात. एखाद्या दिवशी काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचा दंड मात्र दोघांच्या कमाईतून. बाई आजारी पडली तरी खाडा, बाळंत झाली तरी खाडा.

तिनं हे सगळं तिच्या वरिष्ठ बाईंना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग हिचं नाव कुठं आहे?"

ती मला म्हणाली, "ताई, मला उत्तर देता येईना. मला माझी माय दिसायला लागली. मायनं किती सीझन केले ते मला मोजता येत नाही, पण मुकादमाच्या वहीत तिचं नाव एकदाही नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि परत येऊन पुढची मुलाखत लावली."

वहीत नाव नसलं म्हणून काय बिघडतं, असं वाटेल. बीड जिल्ह्यात काय झालं ते आठवा. ऊसतोड बायकांची गर्भपिशवी तरुणपणीच काढली जाते, अशा बातम्या 2019 मध्ये आल्या, तेव्हा शासनानं समिती नेमली. नीलम गोऱ्हे तिच्या अध्यक्ष होत्या. बीडमधल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक. कारणं अनेक आहेत. पाळीच्या दिवसांत फडावर ना पाणी ना आडोसा, अंगावर काढलेली दुखणी, खाड्याची भीती, आणि कापून मोकळं करणारे काही डॉक्टर. पण हा आकडा कधी कळला? बायकांना बायका म्हणून मोजलं तेव्हा. तोवर कोयते मोजले जात होते, आणि कोयत्याला गर्भपिशवी नसते.

इथं धरणाच्या भिंतीजवळ बसून मी हे बोलते आहे. येलदरीत आज किती दलघमी पाणी आहे, ते पाटबंधारे खातं रोज लिहून ठेवतं. पाण्याची नोंद ठेवतात म्हणून सिंचनाचं पाळीपत्रक ठरतं. जे लिहिलेलं असतं त्याचंच वाटप होतं.

आता ज्या संस्था हे काम जगभर करतात त्यांच्याबद्दल दोन शब्द, कारण दुसरी हरकत तीच होती. संयुक्त राष्ट्रांनी 2010 च्या जुलैमध्ये यूएन विमेन नावाची संस्था ठरवली आणि 2011 पासून तिचं काम सुरू झालं. ती बरीच नवी. पण तिच्या कितीतरी आधीची, आपल्या लोकांनी उभी केलेली वायडब्ल्यूसीए आहे. मुंबईत तिचं काम 1875 पासून आहे. जिनीव्हाला तिचं जागतिक कार्यालय आहे, आणि आपल्यापैकी काहींच्या मुली नोकरीसाठी बाहेर गेल्या तेव्हा तिच्याच वसतिगृहात उतरल्या. त्यामुळं हे परक्यांचं खूळ आहे, असं निदान आपण तरी म्हणू नये. शिवाय पवित्र शास्त्र काय सांगतं?

मी धर्मशिक्षणाचा डिप्लोमा केला तेव्हा गणना हे पुस्तक आम्ही फार घाईनं उरकलं. नावांच्या आणि आकड्यांच्या याद्या, कुणाला गोडी वाटत नाही. या मुलीची गोष्ट ऐकल्यावर मी ते परत काढलं. पुस्तकाचं नावच गणना. दोनदा शिरगणती होते. कुणाची? वीस वर्षांवरच्या, लढाईला जाऊ शकणाऱ्या पुरुषांची. दुसरी गणती संपते आणि लगेच पुढच्या, सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली येऊन उभ्या राहतात. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. मोशेपुढं, याजकापुढं, सगळ्या सरदारांपुढं, दर्शनमंडपाच्या दाराशी. म्हणतात, बाप मेला, भाऊ नाही, म्हणून बापाचं नाव का पुसलं जावं? आम्हाला जमीन द्या. मोशे स्वतः निकाल देत नाही, तो प्रश्न देवापुढं नेतो, आणि देव मुलींच्या बाजूनं बोलतो. ज्या पुस्तकात त्यांना मोजलंच नव्हतं, त्याच पुस्तकात पाचही जणींची नावं लिहिलेली आहेत. छत्तिसाव्या अध्यायात वडीलधारे परत येतात आणि त्या मुलींच्या लग्नावर एक अट घालून घेतात, हेही मी लपवत नाही. वाचा ते. घरी गेल्यावर वाचा.

मुलगी तीन महिन्यांनी परत आली. आपल्या संस्थेला भेट द्यायला आली तेव्हा मी मोठ्या उत्साहानं तिला म्हटलं, वसतिगृहातल्या मुलींना दिल्लीच्या गोष्टी सांग. तिनं सांगितल्या. मग मला म्हणाली, "ताई, आपल्या वह्या बघू का?"

बंधुभगिनींनो, मी वीस वर्षांच्या आसपास हे काम करते आहे. त्या दिवशी माझ्याच टेबलाशी बसून मी जी लाजले, ती सांगते. वसतिगृहाच्या प्रवेश रजिस्टरात "वडिलांचे नाव" हा रकाना आहे. आईच्या नावाला रकानाच नाही. फोन नंबर वडिलांचा. शेळ्या वाटल्या त्याची वही काढली. सांभाळणाऱ्या सगळ्या बायका, सह्या सगळ्या पुरुषांच्या. पालकसभा आपण आठवडी बाजाराच्या दिवशी घेतो, कारण त्या दिवशी लोक खाली येतात. लोक म्हणजे पुरुष. बायका त्या दिवशी घरी असतात, गुरं बघतात. हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि मी स्वतः बाई आहे.

शेवटी तिनं आपल्या या त्रैमासिकाचा जुना अंक उघडला. एक फोटो होता. एक बाई शेळी धरून उभी आहे. खाली तिच्या नवऱ्याचं नाव आणि पुढं "व कुटुंब". ती ओळ मी लिहिली होती. फोटोत नवरा नव्हताच.

ती रागावली नाही. हळूच म्हणाली, "ताई, तुमच्याकडे तरी पाहिजे होतं." मला राग आला असता तर बरं झालं असतं.

मग आम्ही वह्या बदलायला घेतल्या. राज्य शासनानंही असा निर्णय केला आहे की 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं. वनहक्क कायदा 2006 चा आहे. त्यात लग्न झालेल्या दावेदाराचा पट्टा नवराबायको दोघांच्या नावे द्यायचा, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तेव्हा आम्ही काही क्रांती करत नव्हतो, कायद्याच्या मागून चाललो होतो.

पण सोपं गेलं नाही. पहिल्याच वाडीवर एका आईनं नाव द्यायला नकार दिला. "माझं नाव कशाला बाई? उद्या कुणी दारात यील." मला नवल वाटलं. मुलीला वाटलं नाही. तिनं शेजारी बसून विचारलं तेव्हा कळलं. या बाईच्या नावावर तीन फायनान्स कंपन्यांचं कर्ज आहे. गटात नाव बाईचं, हप्ता बाईच्या दारात, पैसा लागला लग्नाला आणि मोटारसायकलीला. कर्जाला बाईचं नाव आणि जमिनीला बाप्याचं. तिच्या दृष्टीनं कागदावर नाव म्हणजे संकटच. आमच्या रजिस्टरात नाव लिहायचं की नाही, हे ठरवायला तिनं दोन महिने घेतले. मग लिहिलं. काही जणींनी अजून लिहिलेलं नाही, ते रकाने मी कोरे ठेवले आहेत. दिल्लीच्या प्रशिक्षणात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हे तिला वाडीचं माहीत होतं. ती दोन्हीकडची आहे, म्हणून तिला विचारता आलं. मला विचारता आलं नाही.

आता तिसरी हरकत. ती परत आली का? खरं सांगते, नाही. सहा महिने आपल्याकडे येऊन जाऊन काम केलं, मग तिला नांदेडच्या बाजूला एका संस्थेत पगाराची नोकरी लागली. त्या भावाचं भाकीत बरंचसं खरं ठरलं, आणि मी ते मान्य करते. तिच्या धाकट्या भावाची फी आता ती भरते, आपल्या शिष्यवृत्तीतलं त्याचं नाव तिनं स्वतः कमी करायला सांगितलं. पण एवढ्यानं मी तिसरी हरकत खोडली, असं म्हणणार नाही. मला स्वतःला ती इथं हवी होती. आपण तिला जो पगार देऊ शकलो असतो, त्यात मी माझ्या मुलीला ठेवलं असतं का, हा प्रश्न मात्र मी समितीला विचारला आहे.

दुसऱ्या एका मुलीचा अर्ज आला आहे, तीही ऊसतोडीच्या घरची. तिला मुंबईत अशीच जागा मिळते आहे. निर्णय पुढच्या महिन्यात होईल. यंदा मला एका मतानं मंजुरी नको आहे. नाही म्हणायचं असेल तर सगळ्यांनी मिळून नाही म्हणा, मी ऐकेन. समितीत वाडीवरची एकही बाई नाही, तो विषयही त्याच बैठकीत घ्यावा असं मी पाळकसाहेबांना लिहून दिलं आहे.

पहिल्या मुलीची आई यंदाही फडावर गेली आहे, पश्चिम महाराष्ट्रात. जाताना उचल घ्यायच्या वेळी ती मुकादमाला म्हणाली, "माझं बी नाव लिहा, पुरं नाव." मुकादम हसला, म्हणाला, "लिहितो मावशी." त्यानं लिहिलं की नाही, ते तिला वाचता येत नाही. मुलगी मार्चमध्ये हिशेबाच्या दिवशी तिथं जाणार आहे, वही बघायला. काय निघालं ते मी पुढच्या अंकात कळवीन.